चंपूआत्याने मासळी का सोडली

चंपूआत्या जेवायला बसली की आधी ताट उचलून नाकाशी न्यायची. घरचं जेवण असो, लग्नातलं असो, देवळातला प्रसाद असो, वास घेतल्याशिवाय पहिला घास तोंडात जायचा नाही. लहानपणी आम्ही तिची नक्कल करून मार खाल्ला आहे. माझी बायको मंजू लग्न होऊन घरी आली, तिने पहिल्यांदा वाढलं आणि आत्याने ताट नाकाशी नेलं. मंजूचा चेहरा पडला. आत्या तिला म्हणाली, "तुज्या हाताचा वास नाय घेत गो मी. हे कुठून आलंय, त्याचा घेते." मंजूला ते कळायला पुढे बरीच वर्षं लागली. मला कळत होतं, आणि तरी मी जे केलं ते केलं.

आत्याला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. आमच्या इमारतीतले लोक तिची आठवण 'त्या शाकाहारी आजी' अशी काढतात. लिफ्टमध्ये परवा एक बाई म्हणाल्या, "किती सात्त्विक होत्या हो." माझं डोकं फिरलं. आत्या सात्त्विक वगैरे काही नव्हती. तिने मासळी सोडली होती, एवढंच खरं. का सोडली हे तिने ह्या सगळ्यांना माइकवरून सांगितलं होतं, आणि तेवढंच नेमकं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं दिसत नाही.

चंपूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आमचं घर खाडीच्या काठावर होतं, घरामागे भाताचं शेत आणि शेताच्या बांधापलीकडे चिखल. ओहोटी लागली की आत्या लुगडं गुडघ्यावर खोचून त्या चिखलात उतरायची. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर लांबीचे मासे. ते बिळात शिरतात. आत्या बिळाच्या एका तोंडाशी पाय रोवायची, दुसरीकडून हात खांद्यापर्यंत आत घालायची आणि निवटी घेऊनच बाहेर काढायची. बिळातली चिंबोरी, म्हणजे खेकडी, चावली तर तिलाच शिवी देऊन टोपलीत टाकायची. लसणाच्या फोडणीत, कैरीच्या फोडी घालून ती निवट्यांचं आंबट करायची, आणि आम्ही भावंडं भाताचे ढीग संपवायचो. वडिलांच्या एकट्या कमाईवर आमचं घर चाललं नसतं. ते खाडीवर आणि आत्यावर चाललं. "खाडी हाय तवर ह्या घरात कोन उपाशी निजनार नाय," असं ती म्हणायची, आणि कुणी निजलंही नाही.

वडील गेल्यावर शेत विकायची वेळ आली. वेळ आली म्हणजे काय, मीच आणली. मी माणिकपूरला एका कार्यालयात कारकून, शेती करणार कोण, आजूबाजूची शेतं गेलेलीच होती. बिल्डर जमिनीच्या बदल्यात तिथेच फ्लॅट देत होता. कागदावर आत्याचाही हक्क होता, तिची सही हवी होती. कागद तिच्यापुढे ठेवला तर तिने तोही नाकाशी नेला. मग मला विचारलं, "नंदू, खाडीला हात लावनार नाय ना हे?"

मी म्हणालो, "आत्या, खाडी सरकारची असते. तिला कोण हात लावणार?"

तिने सही केली. शाळेत दोन वर्षं गेलेल्या बाईची सही, एकेक अक्षर थांबून थांबून काढलेली. ती सही आठवली की अजून मला माझाच राग येतो.

इमारत उभी राहिली. आम्हाला दुसऱ्या मजल्यावर, खाडीकडे खिडकी असलेला फ्लॅट मिळाला. तळमजल्यावर सांडपाणी साफ करायची मोठी मशीन बसवली होती. सगळ्या घरांचं पाणी तिथून गाळून, साफ होऊन मग खाडीत सोडायचं, असं परवानगीच्या कागदात लिहिलेलं. पहिलं वर्षभर ती चालली. मग सोसायटीची सभा झाली. विजेचं बिल फार येतं, मशीनचा आवाज येतो, अशा तक्रारी आल्या. अध्यक्ष म्हणाले, "एवढी मोठी खाडी आहे. आपल्या एका इमारतीने तिला काय होणार आहे?" मशीन बंद ठेवून पाइप सरळ खाडीत सोडायचं ठरलं. मी सोसायटीचा सचिव होतो. मी हात वर केला, आणि ठरावही माझ्याच हाताने वहीत लिहिला. सुवाच्य अक्षरात.

आत्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती अडुसष्टाव्या वर्षीसुद्धा जिना उतरून, इमारतीला वळसा घालून, चिखलात जातच होती. वॉचमन तिला हसायचा. त्या वर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तिने निवट्या आणल्या, कैरी घालून आंबट केलं. आम्ही सगळे जेवायला बसलो. तिने ताट नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग एक घास तोंडात घातला, आणि तो तळहातावर काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"कोनी खाऊ नका," ती म्हणाली. "गटाराचा वास येतो."

मंजूने तरी चाखलं. वास येत होता. त्या दुपारी आत्या एकटी खाली जाऊन पाइप बघून आली, वॉचमनला खोदून खोदून विचारून आली. वर आल्यावर माझ्यासमोर उभी राहिली.

"तू बरोबर बोल्ला होतास नंदू. कोनी हात नाय लावला खाडीला. तिच्या तोंडात घान घातली."

दुसऱ्या दिवशी मंजूने तिची समजूत काढायला बाजारातून पापलेट आणलं. आत्याने ते साफ करून दिलं, वाटण वाटून दिलं, आणि स्वतः वालाची भाजी घेऊन बसली. "आपली खाडी आपन मारली, आनि आता दुसऱ्याच्या पान्यातली मासळी मिटक्या मारत खायची? लाज नाय वाटत? तुमी खा. मी रोखनार नाय. माजं बंद." आम्हाला वाटलं, आठ दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. ज्या बाईला सोमवार पाळतानाही जड जायचं ती पुढली सात वर्षं डाळ, वाल, शिराळी, भाकरी यांच्यावर राहिली. आवडीने नाही. शेवग्याच्या शेंगा चोखताना एकदा म्हणाली, "ह्याला काटे असते तर जरा तरी बरं वाटलं असतं." रोज सकाळी मी कामाला निघताना तिचा एकच प्रश्न असे, "मशीन चालू केलीस का?" आणि माझं एकच उत्तर, "बघू आत्या, सभेत विषय काढतो." सात वर्षांत मी एकदाही विषय काढला नाही. अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार, असं मनात असायचं. इतका भित्रा माणूस मी.

इमारतीत मात्र बातमी भलतीच पसरली. आजींनी ह्या वयात मांसाहार सोडला, म्हणून लोक तिच्या पाया पडायला लागले. पुढे एका महाराजांचं जीवदयेवर प्रवचन ठेवलं, खाली अंगणात मांडव घालून. तो मांडव जिथे होता तिथे आमच्या शेताचा बांध होता. अध्यक्षांनी मला न विचारताच आत्याचा सत्कार ठरवला. तिला काय आहे ते नीट सांगितलंही नाही. शाल अंगावर घालून अध्यक्ष म्हणाले की आजींनी जीवदयेपोटी मासे सोडले, आपण सर्वांनी त्यांच्यापासून शिकावं.

आत्याने शाल नाकाशी नेली. लोक कौतुकाने हसले. मग तिने अध्यक्षांच्या हातातून माइक घेतला.

"जीवदया मला ठाऊक नाय," ती म्हणाली. "ह्या हातांनी मी किती निवट्या धरल्या नि किती चिरल्या त्याला मोजदाद नाय. अजून धरीन. मी मासळी सोडली ती रागानं. तुमी सकाळी हगता ते सगळं कुठं जातं, ते महाराजांना जरा दाखवा. इथनं वीस पावलं हाय. मशीन बसवलीय नि बंद ठेवलीय. त्या पान्यात जेवढे जीव मेले तेवढे मी सात जन्मात खाल्ले नसते. त्यांची दया कोनाला हाय? आनि हा माजा नंदू," तिने माझ्याकडे बोट दाखवलं, "ह्यानं लिहून दिलंय तसं. ह्याला पन घाला शाल."

महाराजांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी घाईघाईने मोबाइलवर भजन लावलं. मी आत्याला दंडाला धरून वर आणलं आणि घरात आल्यावर तिच्यावर ओरडलो. माझी अब्रू घालवलीस, उद्या ह्या लोकांत तोंड कसं दाखवू, असलं बरंच बोललो. मी आयुष्यात तिच्यावर तेवढं एकदाच ओरडलो. ती शालीची घडी घालत होती. म्हणाली, "तुजी अब्रू माज्या एका बोलन्यानं गेली? मग ती होती तरी केवढी?" शाल तिने वॉचमनच्या बायकोला दिली.

गेल्या वर्षी ती खंगत गेली. अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नाही, मासे-अंडी काहीतरी द्या. अंडी तिला आधीपासूनच चालत नसत, आणि मासळीला ती तोंड लावीना. मंजू म्हणाली, "त्यांना एकदाचं सांगा मशीन चालू झाली म्हणून. खातील तरी." मी आत्याच्या उशाशी बसलो आणि सांगितलं की सभा झाली, ठराव झाला, दोन महिन्यांपासून मशीन चालू आहे, खाडीचं पाणी निवळतंय. किती सहज बोललो. मशीन खरोखर चालू करणं ह्या खोट्याहून फार अवघड नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

ती हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मग निवट्या आन. कैरी मिळाली तर बघ."

कळंबच्या बाजूला खाडी अजून बरी आहे. तिथून येणाऱ्या एका कोळणीला मी सांगून ठेवलं, तिने ताज्या निवट्या आणून दिल्या. मंजूने आत्याच्या पद्धतीने आंबट केलं. उशीला टेकवून तिला बसवलं, ताट हातात दिलं. तिने ताट नाकाशी नेलं. एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून घोळवला. मी वाट बघत होतो. खोटं सांगत नाही, मी तेव्हा मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो.

तिने तो तुकडा तळहातावर काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"गोड हाय," ती म्हणाली. "वास नाय. कुठली?"

"आपलीच, आत्या."

"आपल्या निवटीला चिखल लागतो जिभेला. ही रेतीची हाय." माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मशीन बंदच हाय ना?"

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा. टाकू नको. कोन्या बाईनं चिखलात हात घालून धरली असंल." मी तिच्यासमोर बसून ते सगळं ताट संपवलं. ती शेवटपर्यंत बघत होती. त्यानंतर आठ दिवस तिने पेजेवर काढले, आणि गेली.

बाराव्याच्या आधी सोसायटीने फाटकाला फलक लावला. त्यावर तिचा फोटो आणि खाली 'शाकाहारव्रती' असं मोठ्या अक्षरांत. मी तो भर दुपारी, चार लोकांसमोर, फाडून काढला. दुःखाने भान राहिलं नाही बिचाऱ्याला, असं म्हणून सगळ्यांनी मला माफ केलं. ह्या लोकांच्या माफ करण्याचाही मला संताप येतो.

मी आता मासळी खात नाही. आत्याच्या ताटातली ती शेवटची. मंजू खाते, मी रोखत नाही. गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. सचिवपद मी सोडलं आहे, पण सभेला गेलो. जाताना पाइपाच्या तोंडाशी उतरून बाटलीभर पाणी घेतलं होतं. मशीनचा विषय काढला, बाटली टेबलावर ठेवून झाकण उघडलं आणि म्हणालो, "एकेकाने आधी नाकाशी न्या, मग हात वर करा." कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी खुर्ची मागे सरकवली. मशीन चालू करायच्या बाजूने माझा धरून चार हात वर झाले. ठराव पडला.

सभा संपल्यावर अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, "नंदूभाऊ, तुम्ही एवढे कशाला चिडता? तुम्ही तर आता मासे खातसुद्धा नाही."

मी बाटलीला झाकण लावलं नाही. ती तशीच उघडी टेबलावर ठेवून घरी आलो.