पिराजीची जांभळी बाटली

माणसाचा चेहरा बघून त्याचं भविष्य सांगणारे कानडी मुलखातल्या चामराजपेटेत पुष्कळ होते. लघवी बघून खोटेपणा ओळखणारा पिराजी एकटाच. निपाणीकडचा हा गडी क्षयाच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होता. रोग्यांनी घरी गोळ्या गिळल्या की नाहीत, हे तपासत १९६२ साली तो सायकलवरून दारोदार हिंडायचा. गोळ्या पोटात गेल्या असतील तर त्याच्याकडच्या औषधाच्या दोन थेंबांनी लघवी जांभळी व्हायची, नसतील तर पिवळीच राहायची. पेटेतली पोरं त्याला ‘मुताचा साहेब’ म्हणायची, आणि साहेब म्हणतात यावरच पिराजी समाधानी होता.

गोळ्या दिवसाला सोळा, त्याही दीड वर्षं. पोट नुसतं ढवळून काढायच्या. दोन महिन्यांत ताप उतरला, की रोगी स्वतःच स्वतःला बरा ठरवून मोकळा व्हायचा. एका घरात गोळ्या रोज तुळशीच्या कुंडीत जायच्या. त्या तुळशीला आता क्षय होण्याची भीती नव्हती. समजावून समजावून पिराजीच्या जिभेला फोड आले, तेव्हा त्यानं एक नियम काढला. बाटली तीनदा पिवळी निघाली की दवाखान्यातून नाव कापतात. असला नियम कुठल्याही कागदावर नव्हता, पण थाप लागू पडली आणि पिराजी स्वतःवर बेहद्द खूश झाला.

त्याचे सगळ्यात गुणी रोगी म्हणजे बिंदुमाधवराव. पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क. घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेलं, आणि ताठाही तितकाच जुना. क्षयानं त्यांचं एक मूत्रपिंड खाल्लं होतं, ते कापून काढावं लागलं. उरलेलं एक वाचवायचं तर गोळ्यांवाचून इलाज नव्हता. सुरुवातीला रावांनी गोळ्यांना हात लावायचं नाकारलं होतं. मरायचंच आहे तर मळमळत कशाला मरू, असं त्यांचं म्हणणं. पण पिराजीनं नवराबायकोला तो नियम सांगितला आणि तेव्हापासून दर मंगळवारी आतून येणारी त्यांची बाटली जांभळीगर्द. पिराजी दुसऱ्या घरी त्यांचे दाखले द्यायचा.

इकडे रावांचं वजन मात्र उतरत चाललं आणि ताप परत आला. हा माणूस गोळ्या घेत नाही, असं म्हणत डॉक्टर पिराजीवरच डाफरले. बाटली खोटं बोलत नाही, असं पिराजी छातीठोकपणे म्हणाला खरा, पण खात्री करायला शुक्रवारी भरदुपारी न सांगता रावांच्या दारात जाऊन उभा राहिला.

दार वसुमतीबाईंनी, रावांच्या पत्नीनं उघडलं. बाई वाळून काटकी झाल्या होत्या. राव सकाळच्या गाडीनं मैसूरला लेकीकडे गेले, असं त्या पदर तोंडाला लावूनच म्हणाल्या. तरी सवयीनं आत गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. यांनी जाताना भरून ठेवलीय म्हणाल्या. पिराजीनं ती हातात घेतली. बाटली कोमट होती. दोन थेंब टाकले, तर जांभळी.

“राव मैसूरला पोचलं असतील, अक्का,” तो म्हणाला, “आन् बाटली अजून गरम हाय. कुणाची ही?”

बाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

“मीच घेते गोळ्या, अण्णा. यांना पत्ता नाही. सोळा सोमवार मी करते, पुण्य यांना पोचतं. गोळ्याही सोळाच की. स्वल्प तरी पोचेल म्हटलं. आणि तुम्ही यांचं नाव कापलंत तर यांना घेऊन मी कुठं जाऊ?”

एरवी पिराजी हसून हसून लोळला असता. पण चार महिने एका धडधाकट बाईनं त्याच्या थापेपायी हे जहर गिळलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“नाव कुणी कापत न्हाई, अक्का. ती माझीच थाप हाय.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे असं बघितलं, की त्याला सायकल कुठं लावली तेच आठवेना.

मंगळवारी राव परतल्यावर पिराजीनं त्यांना सगळं सांगून टाकलं, आपल्या थापेसकट. राव चिडले, बायकोला खुळी म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, “सरी, बरं तर. गोळ्या सोडल्या. आजपासून उपास धरते. तुमच्या सोळा पोटात गेल्याशिवाय माझ्या पोटात पाणी नाही. हे पुण्य पोचतं का बघू.”

कॉफीच्या वेळेला ही वाकेल, अशी रावांची अटकळ होती. कॉफीची वेळ टळली. भात निवला. बाई समोर पाटावर बसून राहिल्या, ओठ सुकलेले, गळ्याची हाडं वर आलेली. मरणाला न भिणाऱ्या रावांना त्या तोंडाकडे बघवेना. दीडच्या सुमाराला त्यांनी गोळ्या गिळल्या, सोळा गोळ्यांना सोळा शिव्या, त्यातल्या निम्म्या पिराजीला. दुसऱ्या दिवशी उपास पुन्हा सुरू झाला, आणि गोळ्याही.

पुढच्या मंगळवारी पिराजीनं दोन बाटल्या मागितल्या. रावांनी त्याच्यादेखत मोरीत जाऊन आपली आणली, ती जांभळी झाली. मग त्यानं बाईंच्या बाटलीत दोन थेंब टाकले आणि वाकून बघत बसला. उभ्या नोकरीत त्यानं पिवळ्या बाटल्यांना शिव्याच घातल्या होत्या. ही त्यानं खिडकीच्या उजेडात धरली आणि बाईंना दाखवली.

“पिवळी हाय, अक्का,” तो म्हणाला. “एकदम पिवळी.”