मीटर खरं, इंजिन म्हातारं

आमची बटालियन डोंगरात वर पोहोचली तेव्हा मी एमटी प्लाटूनचा हवलदार होतो. एमटी म्हणजे गाड्यांचं खातं. खाली उतरणाऱ्या युनिटकडून सहा जीप ताब्यात घ्यायच्या होत्या. सकाळी सात वाजता गाड्या रांगेत, प्रत्येकीची डायरी बॉनेटवर. गाडी कुठे गेली, किती चालली, सगळं त्या डायरीत सहीनिशी असतं. डायरी आणि मीटर जुळलं की मी टिक करायचो. सहीवर विश्वास ठेवायची आम्हा फौजींना सवयच असते.

चौथ्या जीपचं मीटर अठरा हजार. डायरीतही अठरा हजार. मी टिक केली.

मागून लान्स नायक भानुदास म्हणाला, "उस्ताद, ही नका घिऊ."

भानुदास सोयगावकडचा. मी औरंगाबाद शहरातला, म्हणजे गाववालाच. गाडी चालवायला त्याला मीच शिकवलं. दोन वर्षांत तो माझ्या पुढे गेला, आणि ते मला सहन होत नव्हतं. शिष्य सवाई निघाला की गुरूला आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही.

"मीटर बघ," मी म्हणालो.

"मीटर खरं हाय. इंजिन म्हातारं हाय." त्याने इंजिन चालू केलं, ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. तिथून धूर येत होता. "थंडीत गोठू नये म्हनून तासन् तास चालू ठिवली असंल. गाडी जागेवर, इंजिन पळतंय. मीटरला काय कळतंय त्यातलं?"

कॅप्टन साहेब ऐकत होते. "खोलो," ते म्हणाले.

मेकॅनिकने ऑइल काढलं. त्यात धातूचा चुरा चमकत होता. जीप परत गेली आणि माझी टिक सगळ्यांसमोर खोडली गेली. त्या दिवसापासून भानुदासचं कुणी नाव काढलं तरी माझ्या पोटात दुखायचं. त्याचे बूट पॉलिश नाहीत, त्याची डायरी वेळेवर भरलेली नाही, असं काहीबाही शोधून मी त्याला फैलावर घ्यायचो. तो "जी उस्ताद" म्हणून उभा राहायचा. त्याचाही मला राग यायचा.

हिवाळा संपता संपता वरच्या पोस्टला रेशन न्यायचं निघालं. चौदा गाड्या. कॉन्व्हॉयमध्ये सगळ्यात पुढची, लीड गाडी चालवणं हा मान असतो.

"साहब, लीड मैं ले जाता हूँ," मी म्हणालो.

"नहीं. भानुदास लीड. तुम टेल."

टेल म्हणजे शेवटची गाडी. मी सॅल्यूट केला आणि दात आवळून मागे जाऊन बसलो. आम्ही साडेपाचला निघालो. सात चाळीसला मी रेडिओवर विचारलं.

"लीड, टेल. रास्ता कैसा है? ओव्हर."

"रास्ता ठीक है, उस्ताद. ओव्हर."

रेडिओवरही उस्ताद. मी हँडसेट परत अडकवला. सात सत्तेचाळीसला डोंगरावरून बर्फ सुटला.

"लीड, टेल. हालत बताओ. ओव्हर."

हे मी अकरा वेळा म्हणालो. लीड गाडी बर्फाखाली गेली होती. भानुदासशेजारचा रेडिओ ऑपरेटर बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. भानुदासला काढायला दोन तास लागले. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. संध्याकाळी अख्खी बटालियन रांगेत उभी राहून त्याच्यासाठी रडली. त्या रांगेत उभं असतानाही माझ्या मनात आलं, मी गेलो असतो तर एवढे रडले असते का? माणूस किती खाली जाऊ शकतो ते मला त्या संध्याकाळी कळलं.

पेन्शन घेऊन मी घरी आलो. जुनी फोर-बाय-फोर घ्यायची म्हटलं की लोक मला न्यायला लागले. शहागंजपासून गुलमंडीपर्यंत माझं नाव झालं. हवलदार साहेबांची नजर, म्हणायचे. मी ते ऐकून घ्यायचो.

एकदा भानुदासचा धाकटा भाऊ विठ्ठल आला. काळ्या मातीच्या रस्त्याने शेतात जायला त्याला जीप पाहिजे होती. आम्ही जालना रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. दोन लाख ऐंशी हजार सांगितले.

"मीटर देख लो साब. चालीस हजार."

मी ब्रेकचं पेडल पाहिलं. रबर कोरं करकरीत, पण खालची लोखंडी कड झिजून चकाकत होती. फोर-व्हीलचा दांडा वापरून इतका ढिला झाला होता की एका बोटाने पडत होता. "दीड लाख किलोमीटरच्या खाली चाललेली नाही," मी म्हणालो. "दोन लाख दहा."

व्यापारी हसला. दोन वीसला सौदा झाला. "मान गए साब, क्या नजर है आपकी."

विठ्ठल शेजारी उभा होता. आज ते कौतुक मला घेववेना.

"विठ्ठल, ही नजर तुझ्या दादाची आहे. मी त्याची उचलली. तो होता तोवर त्याच्यावर जळलो."

"दादाला ठावं व्हतं," तो म्हणाला. "पत्रात लिव्हायचा, उस्ताद माझ्यावर लई नाराज असत्यात. पन गाडी मला त्यायनीच शिकवली, म्हनून म्या उलटून बोलत नाय."

मी जीपच्या पायरीवर बसलो. विठ्ठलने पाणी आणून दिलं.

लान्स नायक भानुदास. वय सव्वीस. त्याला गाडी माझ्यापेक्षा जास्त कळायची. एवढं एक वाक्य मला त्याच्या तोंडावर बोलता आलं नाही.