आई कोणाला विचारते

आई जाऊन आठ महिने झाले होते. वारासिवनीहून मोठ्या बहिणीचा फोन आला. तिच्या घराजवळ एक म्हातारी आहे, तिच्या अंगात गेलेली माणसं येतात, आणि त्या म्हातारीच्या तोंडून आई बहिणीशी तासभर बोलली, म्हणे. "मलेच विचारत होती व," बहीण म्हणाली. "बाई, बाई करून राह्यलती."

बाई म्हणजे हीच. आमच्या घरी थोरल्या लेकीला सगळे बाई म्हणत, आईसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं आईचं हगणंमुतणं मी काढलं, वरणात भात कुस्करून मी भरवला. बाई दिवाळीला यायची, आईला नवी साडी नेसवून फोटो काढायची आणि जायची. तरी आईचा सगळा जीव तिच्यात. जिवंतपणी ते मी गिळलं. पण मेल्यावरही तिच्याकडेच?

खरं सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी पुढच्या गुरुवारी, बाईला फक्त फोनवर कळवून, मी बालाघाटहून सकाळची बस धरली. आईनं एकदा, फक्त एकदा, मला विचारावं एवढंच मला हवं होतं.

म्हातारी ओसरीवर बसली होती, समोर पंधरावीस माणसं. माझा नंबर आला तशी मी पुढे सरकले, आईचं नाव सांगितलं. म्हातारीनं डोळे मिटले, जरा डोलली आणि म्हणाली, "बाई आई क्या?"

माझा तोल सुटला. "नाही आली तुही बाई," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "मी आली. चार वर्सं मीच होती तुह्यापाशी. तवाही तुले तिचीच पडली होती, अन् आताही तिचीच?" पुढचं रडण्यात गेलं.

म्हातारीनं एक डोळा उघडला. तिची सून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "दीदी, अम्मा तो उकवा गाँववाली बाई का पूछ रही है. नारियल वही लाने वाली थी."

हिंदीतही बाई म्हणजे कोणतीही बाई, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सारा जन्म याच मुलखात गेला. पण पोटात दुखत असलं की कानही भलतंच ऐकतात. मागे दोघीतिघी पदरात हसल्या. नंतर नारळ आला, म्हातारी पुष्कळ घुमली, पण आई काही आली नाही.

बसस्टँडवर पोचते तोच बाईचा फोन. "आली का आई? काय म्हने?"

"आली," मी म्हणाले. "माह्यंच नाव घेत होती. तुह्यं एकदाही नाही."

मला बरं वाटलं, कशाला लपवू? मग ती रडायला लागली.

"मी तुले झूट सांगतलं व त्या दिवशी. मले नाही विचारलं तिनं. घंटाभर तुलेच हाका मारत होती. लहानी कोठी गेली, मले पानी कोन देईन, म्हने. मले सहन नाही झालं."

बसचा कंडक्टर बालाघाट, बालाघाट करत होता. खरं बोलायची पाळी आता माझी होती, आणि तिनं तर आधीच सगळं कबूल केलं होतं.

"हौ," मी म्हणाले. "आजही तेच म्हनत होती."