चमच्यान पाजलला औषद

कसालच्या स्टॉपार कुडाळची गाडी येयपर्यंत एक माणूस माझ्या बाजूक बसललो, दाढी वाढलली, नि हातातल्या पेनाचा बटण सारख्या टकटक करी. मी माझ्या तान्ह्या झिलाक घेवन हॉस्पिटलात चललेलंय, तो मांडयेर निपचित, डोळे उघडी ना. कोणाक तरी सांगूकच व्हया होता, म्हणान त्येकाच सांगलंय, "औषदाचे थेंब घालूचे होते ओ, मी चमचे पाजलंय. बाटलेवरचा माका वाचूक येणा नाय. सासयेक ठाऊक नाय."

टकटक थांबली. त्येना झिलाच्या पायांर हात ठेवल्यान.

"मी टीव्हीवरचे विनोद लिहितो," तो म्हणालो. "सगळं घरातलंच. आता बायको माझ्यासमोर तोंड उघडत नाही."

आणि वही काढून लिवकच लागलो.

"ह्या नको ओ लिवू!"

"सवय झाली ताई, हात थांबत नाही." डोळे मात्र त्येचे भरलले.

झील बरो झालो. परवा टीव्हीर एक बाई पोराक चमच्यांनी औषद पाजी होती, लोक हसत होते. सासू पदर तोंडाक लावन म्हणाली, "पोराची असली पिशी, येडी आवस खंय आसता काय गो?"

मी झिलाक घट्ट धरलंय, नि तिच्यापेक्षा मोठ्यान हसलंय.