मितानाचा खेळ

यशदीपला फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. गॅसचा सिलिंडर नोंदवायचा असला तरी तो फोन आईच्या हातात द्यायचा. अशा माझ्या मुलानं बनवलेला खेळ पुढे कुठकुठली माणसं खेळायला लागली. ते कसं झालं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. त्या धंद्यातलं मला फारसं कळत नाही. घरात बसून जेवढं दिसलं तेवढं लिहितो.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. मी रायपूरला रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होतो. शेजारी भैय्यालाल राहायचा, सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. त्याचा नीलकंठ आणि आमचा यशदीप एकाच वर्गात. शाळेत असतानाच भैय्यालालनं दोघांना मितान केलं. इकडची ही रीत आहे. दोन मित्र चार लोकांसमोर एकमेकांना नारळ देतात आणि जन्मभराचे मितान होतात, सख्ख्या भावाहून जवळचे. त्यानंतर मितानाचं नाव घ्यायचं नाही, ‘मितान’ म्हणूनच हाक मारायची. त्याचे आईबाप ते आपले फूलदाई, फूलबाबू. आम्ही बौद्ध, म्हणून मी म्हणालो की पूजा नको. भैय्यालाल म्हणाला, “पूजा के का काम? नरियर तो हे!” माझ्या बायकोनं, कलावतीनं, दोघांना एका ताटात खीर वाढली.

इंजिनिअरिंग झाल्यावर दोघांनी आमच्या वरच्या खोलीत ‘पारा गेम्स’ उघडलं. पारा म्हणजे मोहल्ला. खेळ होता गेडीचा. हरेलीच्या सणाला इकडची पोरं बांबूच्या गेड्यांवर, म्हणजे पाय ठेवायला पाऊल बांधलेल्या दोन उंच काठ्यांवर, चढून चिखलातून पळतात. तेच फोनवर, आपापल्या पाऱ्याच्या नावानं. गेडीचं पाऊल दोरीनं बांधतात, तिथे चालताना रच-रच आवाज येतो. यशदीपला तो आवाज खराच हवा होता. त्यानं भैय्यालालला गच्चीवर गेडीवर चढवलं.

“हड्डी टूटही त वहू ल गेम म डार देबे,” भैय्यालाल वरून ओरडला. हाड मोडलं तर तेही खेळात टाक, म्हणे. खाली कलावती हसून हसून बसली.

यशदीपचा एकच हट्ट होता. खेळात सगळ्यांची गेडी सारखी. पैसे मोजून कोणाला पुढे जाता येणार नाही. जो पडेल तो पडेल, हसेल आणि उठेल. बाकी सगळं नीलकंठकडे. तो बोलका, कोणत्याही साहेबाच्या खोलीत सरळ शिरणारा. कंपनीची नोंदणी, सर्व्हर, खेळाचं खातं, सगळं त्याच्या नावावर झालं, कारण यशदीपला कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर उभंच राहवत नसे.

“दोघांचं मिळून काही लिहून ठेवा रे,” मी एकदा भीत भीत म्हणालो.

“बाबा, मितान से कोई लिखवाता है क्या?” यशदीप म्हणाला. मला माझीच लाज वाटली.

खेळ चालला. पंजाबात, तेलंगणात कामाला गेलेली छत्तीसगढी पोरं आपल्या गावाच्या नावानं धावू लागली. हरेलीला तर एवढी गर्दी झाली की सर्व्हर बसला. यशदीप वरून धावत आला, “बाबा, बंद पडलं!” आणि आनंदानं नाचायला लागला. बंद पडल्यावर नाचणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. वरच्या खोलीत आणखी चार जण कामाला आले. कलावतीच्या चहाचं पातेलं बदलावं लागलं.

मग एका सकाळी यशदीपचा पासवर्ड चालेना. सर्व्हरची गडबड असेल म्हणून तो दुपारपर्यंत खटपट करत बसला. मितानाचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी खेळणाऱ्यांचे निरोप येऊ लागले, ‘भैया, ये दुकान क्यों खोल दी?’ त्यानं इतरांसारखाच खेळ उघडून पाहिला. आत दुकान होतं. कधीच न पडणारी सोनेरी गेडी विकायला ठेवली होती. खाली बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीचं नाव होतं.

दोन-तीन दिवसांनी नीलकंठ आला. माझ्या पाया पडला. “जोहार, फूलबाबू.” मिठाईचा डबा कलावतीसमोर ठेवला.

“बेच दिया?” यशदीपनं विचारलं.

“मितान, तुम तो कभी मानते नहीं. गिरने वाला गेम कितने दिन चलता? तुम्हारा हिस्सा अलग रखा है.”

“पूछा क्यों नहीं?”

“पूछता तो तुम ना कहते.”

यशदीपनं उठून दार उघडलं. मग म्हणाला, “नीलकंठ, जूते पहन लो.”

नाव ऐकल्यावर नीलकंठचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत यशदीपच्या तोंडून ते नाव आम्ही ऐकलं नव्हतं. तो गेला. मिठाई कलावतीनं तशीच भैय्यालालच्या दारात नेऊन ठेवली. भैय्यालालनं दार उघडलं, डबा पाहिला आणि दार लावून घेतलं.

आम्ही वकिलाकडे गेलो. “कागद काय आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कागद नाही, दोघं मितान आहेत. वकील इथलेच. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. केस उभी राहणार नाही, हे तेव्हाच मला समजलं.

सोनेरी गेडीवाले पुढे जायला लागले तसे बाकीचे खेळ सोडून गेले. वर्षभरात कंपनीनं खेळ बंद केला. नाव त्यांचं, चित्रं त्यांची, भैय्यालालच्या गेडीचा आवाजसुद्धा त्यांचाच. यशदीपला तोच खेळ पुन्हा बनवायचीही सोय नाही. आता तो ‘नवा रायपूर’ या नव्या शहरात एका ऑफिसात नोकरी करतो. कंपनीनं नीलकंठलाही काढलं, असं ऐकलं. त्याचा एकदा फोन आला होता. यशदीपनं उचलला आणि म्हणाला, “आपको किससे बात करनी है?” घाम वगैरे काही फुटला नाही त्याला.

परवा त्याची धाकटी बहीण चेतना म्हणाली, “दादा, माझ्या ट्यूशनच्या पोट्ट्यांसाठी पाढ्यांचा एखादा खेळ बनवून दे ना.”

“देतो,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना स्टॅम्प पेपर घेऊन आला. खेळ कोणाचा, खातं कोणाच्या नावावर, सगळं छापलेलं.

“हे काय रे? मी तुही बहीण आहो!” चेतना हसायला लागली.

“सही कर.”

तिनं माझ्याकडे पाहिलं.  पेन घेतलं, सही केली. मग त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि साक्षीदाराची जागा बोटानं दाखवली. कलावती स्वयंपाकघरातून म्हणाली, “काहून असं करून राहिला रे पोट्ट्या?” त्यानं पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली.