दहावा आणि पहिली शिफ्ट

नोकरी लावून देणं फारसं अवघड नसतं. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माणूस बसवायला कधीकधी एक फोन पुरतो. तोच माणूस तीन महिन्यांनंतरही त्या बसमध्ये दिसायला हवा, खरी मेहनत तिथे आहे. मी अकरा वर्षं एका कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या सांभाळल्या. माणसं नोकरी का सोडतात ते मला पाठ आहे. सुपरवायझर अरे-तुरे करतो, मेव्हण्याने दुसरीकडे बोलावलंय, बसमध्ये खिडकी मिळत नाही. आता मी घरी असते आणि दिघीतल्या आमच्या गल्लीत ज्याला काम हवं असतं, तो माझ्या ओट्यावर येऊन बसतो.

पण दहाव्यापायी नोकऱ्या घालवणारा माणूस मी शेजारच्या भाऊंच्या आधी पाहिला नव्हता.

भाऊ गावातले जुने. जमीन वडिलांच्याच काळात विकली गेली. उरला तो गावकीतला मान, आणि तो भाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात रोज सकाळी सांभाळायचे. भावकीत, भावकीच्या सोयऱ्यांत किंवा सोयऱ्यांच्या शेजारीपाजारी कोणी गेलं, की दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला भाऊ आळंदीच्या घाटावर हजर. प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं, मग कावळ्याची वाट. पहिली शिफ्ट सातला सुरू होते. पहिल्या कंपनीत त्यांनी सुपरवायझरला सरळ सांगितलं होतं, की कावळा लवकर शिवला तर हाफ डेला येतो. ती नोकरी दीड महिना टिकली. दुसरीकडे कारकुनाने विचारलं, भाऊ, तुम्हाला एकूण चुलते किती? भाऊंनी मनापासून मोजायला सुरुवात केली.

तिसरी नोकरी मात्र टिकायलाच हवी होती. त्यांच्या आईचे, म्हणजे सगळी गल्ली ज्यांना आत्या म्हणते त्यांचे, दोन्ही गुडघे गेलेले. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायला त्यांना पाच मिनिटं लागत. भाऊंची नोकरी सलग सहा महिने झाली, की ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावर आत्यांच्या जास्त दुखणाऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. नोकरी गेली की कार्ड गेलं. हे मी भाऊंना तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा मान हलवली.

दुसऱ्याच महिन्यात कंपनीतून मला फोन आला. तीन दहावे झाले होते. चौथा झाला तर गेट पास परत घेणार होते.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, मी सांगून थकले, आता तुम्हीच बघा. भाऊ फरशीकडे बघत म्हणाले, मला काय हौस आहे का, आईच पाठवते. मग उलगडा झाला. आत्या दिवसभर दाराशी खुर्ची टाकून मांडीवर फोन घेऊन बसायच्या. पंचक्रोशीत कोणी गेलं की बातमी आधी त्यांच्याकडे यायची. दहावा कधी, घाटावर किती वाजता, सगळं त्यांच्या डोक्यात. पोराला उठवायच्याही त्याच.

"मला चालता येत न्हाई, म्हनून त्याला धाडते," आत्या म्हणाल्या. "घरचं कुनीतरी दिसाया नको?"

तुमच्याच गुडघ्यासाठी तो कामाला जातोय, मी म्हटलं.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस? आमी आज कुनाच्या दहाव्याला न्हाई गेलो, तर उद्या माझ्या दहाव्याला कोन येईल?"

"ऑपरेशन झालं तर तुमचा दहावा वीस वर्षं पुढे जाईल, आत्या. तोवर यायलाच कोणी उरायचं नाही."

वहिनी भिंतीकडे तोंड करून हसल्या. आत्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, मग वहिनींना पाठवा. त्यावर आत्यांनी सुनेकडे एकदा नीट बघितलं आणि हिला तिथं कोन वळखतं, असं म्हणून विषय संपवला. नव्या माणसाला दुसरी शिफ्ट मिळत नव्हती, तेही माझं आधीच विचारून झालं होतं. मी हात टेकून घरी आले.

पुढच्याच सोमवारी आत्यांच्या चुलत दिराचा दहावा होता. म्हणजे भाऊंच्या चुलत्याचाच. ही नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते. सकाळी पावणेसातला गॅलरीतून पाहिलं, तर त्यांच्या दाराशी रिक्षा उभी. वहिनी आणि रिक्षावाला मिळून नऊवारीतल्या आत्यांना आडवं करून आत सरकवत होते. वॉकर पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी.

मी वरूनच विचारलं, आत्या, कुठे निघालात?

"पोरगं कामाला गेलंय," त्या म्हणाल्या. "मग जायाचं कुनी?"

घाटावर त्या रिक्षातून उतरल्याच नाहीत. उतरायची गरजच पडली नाही. अख्खी भावकी रिक्षापाशी येऊन पाया पडून गेली. एका पुढाऱ्याने तर भाषणात सांगितलं, की प्रकृती बरी नसतानाही आत्या आल्या. अकराला परतल्या तेव्हा चेहरा असा, की दहाव्याहून आल्यात असं कोणी म्हणालं नसतं. त्यानंतर रिक्षा ठरूनच गेली. भाऊ थोडे हिरमुसले. इतकी वर्षं ते जात होते, त्यांचं नाव कधी कोणी भाषणात घेतलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात कंपनीच्या कारकुनाने मला फोन करून विचारलं, मॅडम, तुमच्या दिघीत माणसं मरायची थांबली का? मी म्हटलं, नाही, आम्ही बदली माणूस लावलाय.

सहा महिने भरले, ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि भाऊंपुढे वेगळीच पंचाईत उभी राहिली. दहाव्याशिवाय दुसऱ्या कारणासाठी सुट्टी मागायची त्यांना सवय नव्हती. ते इतके चाचरले, की सुपरवायझरने त्यांच्यासमोरच मला फोन लावला. ह्यांना आई आहे का, त्याने विचारलं. आहे, सख्खी आहे आणि अजून जिवंत आहे, मी सांगितलं. तीन दिवस मिळाले.

ऑपरेशन ठीक झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा भाऊ पलंगाशेजारी स्टुलावर बसून मला विचारत होते, की अजून दोन दिवस वाढवून मागितले तर चालेल का. आईला अशा अवस्थेत सोडून जाववत नाही म्हणे. मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून उत्तर आलं.

"काय नको. उद्या सकाळी बस धर. माझा दुसरा गुडघा अजून हाय."