उसनं नाक

बुद्धप्रियाला वास येत नव्हता. करोनात गेला तो गेलाच. घरातल्या बाकीच्यांचा हळूहळू परत आला, हिचा नाही. पण तिची आई मनकर्णा रोज डोक्यावर चादर टाकून वाफारा द्यायची आणि वर असला कडूजहर काढा पाजायची, की पोरीनं वैतागून एकदा "आला गं आई, आला वास" म्हणून टाकलं. ते खोटं तसंच राहून गेलं.

आणि शिकायला घेतलं काय, तर रसायनशास्त्र! दुसरं काही तिला नकोच होतं. सोलापुरातच कॉलेज मिळालं, पहिलं वर्ष पुस्तकांवर निभावलं. पुढं सेंद्रिय रसायनाची प्रात्यक्षिकं सुरू झाली आणि गाडी अडली. अनोळखी पदार्थ हातात आला की आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग बाकीच्या टेस्ट. हिरेमठ सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्याचं नाक चालत नाही, त्यानं आर्ट्सला जावं."

तेव्हा शेजारी उभ्या राहणाऱ्या ज्ञानदानं तिला आपलं नाक उसनं दिलं. ज्ञानदानं केस मागं सारले तर कडू बदामाचा वास, कानाला हात लावला तर पिकलेल्या केळ्याचा, अशा खुणा ठरल्या. बदल्यात बुद्धप्रिया तिला न सुटणाऱ्या रिॲक्शन समजावून सांगायची. वर्गात पहिली बुद्धप्रिया, दुसरी ज्ञानदा. दुसऱ्या नंबरवालीच्या हाती आपलं गुपित देऊ नये, एवढी साधी अक्कल या हुशार पोरीला नसावी? पण आयुष्यात पहिल्यांदा तिला जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती, आणि त्या भरात ती गाढव झाली होती.

शेवटच्या वर्षी शहराबाहेरच्या एका औषध कारखान्याला प्रयोगशाळेसाठी एक मुलगी हवी होती. सर जिचं नाव देतील तिला घेणार. नाव बुद्धप्रियाचंच लागणार हे जवळपास ठरलेलं. मनकर्णानं तर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं, "आमची पोरगी केमिस्ट होनार की!"

प्रात्यक्षिक परीक्षेत बुद्धप्रियाला बेन्झाल्डिहाइड आलं. डीएनपीचं रसायन घालताच नारिंगी गाळ, टॉलेन्सच्या टेस्टला परीक्षानळीच्या काचेवर चांदीचा लखलखीत आरसा. उत्तर बिनचूक. तोंडी परीक्षेला सरांनी तिच्यापुढं एक छोटी बाटली धरली. आत रंगहीन द्रव. "वासावरून सांग, काय आहे?"

तिनं हातानं हवा नाकाकडं ओढली, पुस्तकात असते तशी. मग हळूच शेजारी बघितलं. ज्ञानदानं कानाला हात लावला.

"एस्टर, सर. पिकलेल्या केळ्यासारखा वास आहे."

"नक्की?"

"हो सर. चांगलाच उग्र आहे."

सरांनी बाटली तोंडाला लावली आणि गटागटा पिऊन टाकली. "सकाळी घरून भरून आणलं होतं," ते मिशी पुसत म्हणाले. "पाणी!"

अख्खी प्रयोगशाळा खदाखदा हसली. ज्ञानदा हसली नाही, ती भिंतीकडं बघत राहिली. नंतर जिन्यात तिनं बुद्धप्रियाचा हात धरला. "मीच सरांना सांगितलं. काळजी वाटली म्हणून गं. उद्या कारखान्यात गॅस गळला आणि तुला कळलंच नाही, तर?" सरही म्हणाले, "तुझ्या जिवासाठीच, बाळ." दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच बुद्धप्रियाला धड भांडताही येईना. बाटलीचा प्रश्न सरांनी मार्कांत धरलाच नाही, परीक्षेत तिला पैकीच्या पैकी पडले. कारखान्याला नाव गेलं ज्ञानदाचं.

घरी तिनं एवढंच सांगितलं, की दुसरीला घेतलं. मनकर्णानं गल्लीभर त्या कारखान्याला शिव्या घातल्या आणि विषय संपला. बुद्धप्रिया नव्या पेठेत कापडाच्या दुकानात काउंटरला लागली.

पुढच्या साली तिची धाकटी बहीण दीपा त्याच कॉलेजात गेली. एका संध्याकाळी पोरगी हसतच घरात आली. बुद्धप्रिया चुलीपाशी भाकऱ्या थापत होती.

"आई, आज हिरेमठ सरांनी लई मजा सांगितली. कॉलेजात एक येडी व्हती म्हनं. नाक चालत न्हाय, तरी दोन वर्सं समद्यांला फसवलं. शेवटी सरांनी तिला पानी हुंगायला दिलं, तर म्हनती केळ्याचा वास येतुया! आन् सर पानी पिऊन मोकळे!"

मनकर्णा हसून हसून खोकायला लागली.

"ताई, तुझ्याच वेळची असंल की. वळखतीस?"

"न्हाय," बुद्धप्रिया म्हणाली.

मनकर्णानं पदरानं डोळे पुसले. "पर तिच्या आईचं काय म्हनावं? पोरीला वास येत न्हाय, आन् एका घरात ऱ्हाऊन त्या बयेला पत्ता न्हाय? असली कसली आई?"

बुद्धप्रियानं तव्यावरची भाकरी उलटली आणि आईच्या ताटात आमटी वाढली.

"कामात आसंल गं," ती म्हणाली. "जेव तू."